वारीच्या आदल्या रात्री वडील माझ्या खोलीवर उतरतात. मी आता ख्रिस्ती आहे. काय करू?

चाकणचा ऑपरेटर विचारतो:

सगळ्यांना नमस्कार. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ‘जय ख्रिस्त’ म्हणायला शिकलोय, पण इथं सगळ्या प्रकारची माणसं आहेत, म्हणून नमस्कारच.

वय ३१. गाव संगमनेर तालुक्यात, नोकरी चाकण एमआयडीसीत, व्हीएमसी म्हणजे धातू कापायच्या कॉम्प्युटर मशीनवर. वडील माळकरी. घरात कांदा-लसूणसुद्धा एकादशीला वर्ज्य. गेली सतरा वर्षं वडील पायी वारी करतात. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीतून निघते. मी चाकणला आल्यापासून ते आदल्या दिवशी एसटीनं येतात, रात्री माझ्या खोलीवर झोपतात आणि पहाटे मी त्यांना गाडीवरून आळंदीला सोडतो. मी त्यांना गरम पाण्याची बादली देतो, ते पाय शेकतात, पिठलं-भाकरी खातात. बोलणं फार नसतं. पण वर्षातली तेवढी एकच रात्र आम्ही दोघंच असतो.

मागच्या ऑक्टोबरात माझा बाप्तिस्मा झाला. त्याआधी तीन वर्षं मी दारूत काढली होती. पगार दहा तारखेपर्यंत टिकायचा नाही. खोलीतला जोडीदार जालन्याकडचा, ख्रिस्ती. एकदा शिफ्टवरून येताना मी गाडीवरून पडलो, तेव्हा त्यानं दोन रात्री दवाखान्यात माझ्या उशाशी बसून काढल्या. उपदेश केला नाही. मीच विचारलं, तू रोज झोपताना काय पुटपुटतोस? तिथून सुरुवात.

आता चूक सांगतो. बाप्तिस्म्यानंतर ज्या गटात मी जायला लागलो, तिथं म्हणाले की नवीन विश्वासणाऱ्यानं पहिली साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाची जाहीर कबुली, घरी द्यायची, नाहीतर वाढ खुंटते. मी दिवाळीला गावी गेलो. लक्ष्मीपूजनाला चुलते, आत्या, शेजारी सगळे जमलेले. मी उभा राहिलो आणि मोबाइलवर लिहून आणलेलं वाचून दाखवलं. त्यात ‘तुम्ही सगळे अंधारात आहात’ असं एक वाक्य होतं. पणत्या लावलेल्या घरात.

वडील काही बोलले नाहीत. उठून गोठ्यात गेले. आई रडली. चुलते म्हणाले, बाटला. पौषात बहिणीला आलेलं स्थळ फिरलं. कारण कुणी सांगितलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. तेव्हापासून वडिलांचा फोन नाही. मी केला की आई उचलते, “जेवला का” विचारते आणि ठेवते.

आता वारी पंधरा दिवसांवर आली. गटातले म्हणतात, त्यांना आळंदीला सोडणं म्हणजे मूर्तिपूजेला हातभार. जोडीदार म्हणतो, गप बस आणि बाबांना फोन कर. माझे प्रश्न दोन. एक, मी ह्या विश्वासात वाढू कसा? रोज वचन, म्हणजे बायबल, वाचतो, पण जुन्या करारात लेवीय नावाच्या पुस्तकापाशी अडकलोय. आणि दुसरा, घरच्यांना सांगायचं तरी कसं? की सांगायचंच नाही?

---

धावता लिहितो:

भाऊ, खचू नको. मत्तय १०:३३ वाच, येशू म्हणतो, जो माणसांसमोर मला नाकारील त्याला मीही नाकारीन. १०:३७ पण वाच, आईबापावर माझ्यापेक्षा जास्त प्रीती करतो तो मला योग्य नाही. तू खरं बोललास. लोकांना खरं झोंबतंच. बी पेरलंय, उगवेल. वारीला नेऊन सोडू नकोस, तिथं तडजोड सुरू झाली की संपत नाही. प्रार्थनेत आहोत.

---

नगरच्या बाई लिहितात:

बाळा, मी ७४ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिकवलं. आमची चौथी पिढी ख्रिस्ती. पणजोबा छप्पनच्या, म्हणजे संवत १९५६ च्या (इसवी १८९९-१९००) दुष्काळात मंडळीत आले, म्हणून आम्हाला ‘मिलोचे ख्रिस्ती’ म्हणून चिडवायचे. मिलो म्हणजे लाल ज्वारी, ती आली पुष्कळ नंतर, पण चिडवणाऱ्याला इतिहास लागत नाही. हे सांगायचं कारण, जन्मानं ख्रिस्ती असणं आणि तुझ्यासारखं मोठेपणी येणं ह्यात फरक आहे, आणि मला सगळं कळतं असा माझा दावा नाही.

आधी लेवीय सोड. पुस्तक वाईट नाही, पण पाहुण्याला कुणी माळ्यावरून घरात घेत नाही. मार्काचं शुभवर्तमान घे, येशूच्या आयुष्याची गोष्ट. सोळाच अध्याय. रविवारी दुपारी एका बैठकीत मोठ्यानं वाच, जोडीदाराला ऐकव. मग योहान. मग स्तोत्रं, रोज एक, झोपताना. वचनं पाठ करायची घाई करू नकोस. मी मुलांना पाढे पाठ करून घेतले, गुणाकार मात्र त्यांना बाजारात गेल्यावर कळला.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मार्कातच आहे, पाचव्या अध्यायात. गरसेकरांच्या मुलखातला तो माणूस, कबरींमध्ये राहायचा, साखळदंड तोडायचा. बरा झाल्यावर तो येशूला म्हणतो, मला तुझ्याबरोबर होडीत घे. येशू त्याला घेत नाही! घरी पाठवतो, आपल्या माणसांत, आणि सांगायला सांगतो ते एवढंच की प्रभूनं तुझ्यासाठी काय केलं, तुझ्यावर कशी दया केली. तुमच्यात काय खोट आहे हे सांगायला सांगत नाही. तुझ्याकडे सांगण्यासारखं काय होतं? दारू सुटली. पगार महिनाभर पुरतो. दोन रात्री उशाशी बसलेला माणूस. आणि तू काय वाचून दाखवलंस? दुसऱ्यांचा अंधार.

‘धावता’ ह्यांनी मत्तय १०:३७ दिलं ते खरंच आहे, खोडून काढता येत नाही. पण मार्क ७ सुद्धा त्याच शास्त्रात आहे. आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला वाहिलं असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशू तिथं काय बोलतो ते वाचा. वडिलांना गाडीवर न नेणं आणि त्याला देवाचं नाव देणं, हे मला त्याच जातीचं वाटतं.

आळंदीला सोडलं तर पूजा होते का? तू बापाला सोडतोयस. पाय शेकायला पाणी देतोस ना? योहान १३ वाच, मग गटातल्यांना विचार की पाय धुणं कुठल्या धर्मात बसतं.

आपल्याकडचीच गोष्ट सांगते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला झाला. लक्ष्मीबाईंना तो नंतर कळला. मग किती वर्षं ताटातूट! बाई पोराला घेऊन पंढरपुरात राहिल्या. पुढं नवऱ्याकडं नगरला आल्या तरी आधी आपलं सोवळं सोडलं नाही. जातीपातीचं कोडं त्यांनी स्वतःच्या डोक्यानं सोडवलं आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. टिळक एवढे मोठे कवी, वक्ते, पण घरात त्यांना वाट बघावी लागली. आणि हेच टिळक म्हणायचे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तू त्याच पुलावर जन्मलास. तो पाडायला का निघालास? आमच्या नगरच्या मंडळीत आजही टिळकांचे अभंग टाळांवर म्हणतो. तुझ्या वडिलांनी डोळे मिटून ऐकले तर चाल त्यांना परकी वाटणार नाही.

माझीही एक चूक सांगते, म्हणजे तुला एकटं वाटायला नको. पंचविशीत असताना शेजारणीचा नवरा गेला. दहाव्याच्या आतच मी तिच्या हातात स्वर्गाविषयीची पत्रिका ठेवली. तिनं ती घेतली, घडी घातली, मला परत दिली आणि दार लावलं. ते दार नऊ वर्षं उघडलं नाही. तिला तेव्हा हवा होता डबा. तो दुसऱ्या शेजारणीनं दिला.

पन्नास वर्षांत मी एकाही माणसाला ‘आणलं’ नाही. साक्ष दिली ती एकदा, धड. शाळेतल्या एका बाई माझ्याबरोबर अकरा वर्षं एसटीनं यायच्या. एक दिवस म्हणाल्या, मुलगा गेला तरी तुम्ही उभ्या कशा राहिलात? मी स्टँडवर चहा पिता पिता सांगितलं. वीस मिनिटं. त्या आजही चतुर्थी करतात आणि दर नाताळला पहिला फोन त्यांचाच येतो. हे हिशेबात कुठं धरायचं, ते देव बघेल. पेत्रानं लिहिलंय, विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा आणि ते सौम्यपणे द्या. आधी कुणीतरी विचारावं लागतं.

जाता जाता, गटाविषयी. तिथं वर्गणीचा हिशेब सगळ्यांपुढं वाचतात का? म्हातारी माणसं आणि लहान मुलं आहेत का? मयताला जातात का? गोळ्या बंद करून नुसती प्रार्थना करा असं कुणी सांगतं का? शेवटच्याचं उत्तर ‘हो’ असेल तर चप्पल घाल आणि नीघ. मंडळी अशी शोध जिथं तुला सतरंज्या उचलायला लावतील. दर आठवड्याला माईक देणारी नको.

आणि जोडीदाराचं ऐक. फोन कर.

---

पुरणपोळी लिहिते:

बाईंनी बरंच सांगितलं, मी फक्त ताटातलं सांगते, कारण नवीन माणूस अडकतो तो तिथंच.

मी लग्नानंतर सहा वर्षांनी ख्रिस्ती झाले. नवरा नाही, सासूबाई नाहीत, मी एकटी. प्रसाद घ्यायचा की नाही ह्यावरून पहिली दोन वर्षं आमच्या घरात दर सणाला भांडण. मी हात मागं घेतला की सासूबाईंना वाटायचं त्यांच्या हातचं खात नाही. त्यांना देवाचा राग नव्हता, स्वयंपाकाचा अपमान झाल्याचा होता.

पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, आठव्या अध्यायात, ह्याच गोष्टीवर पानभर लिहिलंय. अन्नानं काही आपण देवाजवळ जात नाही, पण दुसऱ्याचं मन ठेचाळेल असं वागू नका. ते वाचून मी एक केलं. होळीला पहाटे चारला उठले, पुरण वाटलं, कट काढला, त्यांच्या बरोबरीनं पोळ्या लाटल्या. मग म्हणाले, “आई, नैवेद्य दाखवायच्या आधी माझ्या दोन बाजूला काढा. त्या मी पोटभर खाईन.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. काढल्या. आता एकवीस वर्षं झाली. दर सणाला त्या सगळ्यात आधी एक झाकण ठेवलेली ताटली माझ्यासाठी बाजूला सारतात. मागच्या वर्षी त्यांना नीट दिसत नव्हतं, तरी चाचपून सारली.

कुंकवावरून अजून कुरबुर होते. सगळंच सुटत नाही, भाऊ.

आणि बहिणीच्या स्थळाचं. ते तुमच्यामुळे फिरलं असेल तर तिची माफी मागा. देवाकडे मागितली असेल, तिच्याकडे मागितली का?

---

माळकरी लिहितात:

मी ख्रिस्ती नाही. तुळशीची माळ आहे गळ्यात, दिंडीत वीणेकरी आहे. लिहू का नको असं झालं होतं.

दादा, तुमच्या वडिलांना येशूचा राग आला असेल असं मला वाटत नाही. आमच्या गावात बायबल वाचणारे दोन आहेत, सप्ताहाच्या पंगतीत वाढायला येतात, कुणाचं काही नाही. राग येतो तो चारचौघांत पोरानं बापाला आंधळा म्हटल्याचा. सतरा वर्षं चालून ज्याच्या टाचा फुटल्या त्याला तुम्ही मोबाइल बघून सांगितलं की तुम्हाला काही दिसत नाही. माझा पोरगा असता तर मीही गोठ्यातच गेलो असतो.

‘धावता’, बी पेरलं म्हणता. पेरणीआधी ढेकळं फोडावी लागतात, शेतात कधी गेलाय का?

एक माझीही तक्रार. गेल्या साली आमच्याकडं काही मंडळी दवाखान्याच्या दारात पत्रकं वाटायची, आत माणूस ऑक्सिजनवर असताना. ज्याचं चित्त थाऱ्यावर नाही त्याला काय विकायचं? बाई, तुम्ही पत्रिकेची गोष्ट मोकळेपणानं सांगितली म्हणून हे लिहायचा धीर झाला.

वडिलांना फोन करा. वारीच्या आधी प्रत्येक वारकरी गावात सगळ्यांच्या पाया पडून निघतो, कुणाशी अबोला ठेवून निघत नाही. ते तुमच्याच फोनची वाट बघत असणार.

---

काळा कोट लिहितात:

धागा भलतीकडे जाण्याआधी कायद्याचं थोडक्यात. संविधानाचं कलम २५ आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य ह्यांच्या अधीन राहून. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं मध्य प्रदेश आणि ओडिशाच्या कायद्यांवरच्या खटल्यात स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपली शिकवण समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. म्हणजे चहाच्या टपरीवर बाईंनी केलं ते हक्कात बसतं. पैसे, नोकरी, औषधाचं आमिष किंवा धाक बसत नाही. दुसऱ्यांच्या अल्पवयीन मुलांना आईबापांना न विचारता सभेला नेऊ नका.

आणखी एक. अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे तो त्या यादीत राहत नाही. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्यात घेतलं, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच आहेत. कुणाला विश्वासाबद्दल सांगताना ही किंमतही सांगा. लपवून सांगितलेली सुवार्ता मला फसवणूक वाटते. वकील म्हणून नव्हे, मंडळीचा सभासद म्हणून बोलतोय.

---

धावता लिहितो:

माळकरी काका, शेतात गेलोय, पण थोडाच. ढेकळांचं मान्य. तरी माझं मत असं की कधीतरी स्पष्ट बोलावंच लागतं, कायम पोळ्या लाटून चालत नाही.

---

पुरणपोळी लिहिते:

बोलले की. तिसऱ्या वर्षी, पोळ्या लाटतानाच. त्यांनी विचारलं म्हणून.

---

चाकणचा ऑपरेटर लिहितो:

उशीर झाला, नाइट शिफ्ट लागली होती.

आधी बहिणीला फोन केला. ती म्हणाली, “ते स्थळ मला तसंही नको होतं, पण तू विचारायला पाच-सहा महिने लावलेस.” मग अर्धा तास बोलली. तेवढं कधी बोलली नव्हती.

वडिलांना केला तो आईनंच उचलला. मी म्हणालो, बाबांना दे. बराच वेळ नुसता गोठ्याचा आवाज. मग ते आले. मी म्हणालो, “दिवाळीला बोललो ते चुकलं. यंदा कितीची एसटी धरताय?” ते म्हणाले, “बघतो.” आणि ठेवला.

आले. संध्याकाळी सहाला, पिशवी, पताका, सगळं घेऊन. मी पिठलं केलं होतं, जरा खारट झालं. बादली दिली. त्यांनी फळीवर बायबल पाहिलं, हात लावला नाही. पाय शेकताना फक्त एकच विचारलं, “दारू खरंच सुटली का तिकडं गेल्यामुळं?” मी म्हणालो, हो. किती महिने, विचारलं. वीस, म्हणालो. म्हणजे बाप्तिस्म्याच्या बरंच आधीपासून, जोडीदाराबरोबर बसायला लागलो तेव्हापासून. ते मान हलवत राहिले. पुढं काही विचारलं नाही, मीही ताणलं नाही. ‘धावता’ म्हणेल संधी घालवली. असेल. पाणी गार होईपर्यंत बसलो होतो.

पहाटे आळंदीत पुलाच्या अलीकडंच सोडलं, पुढं गर्दी. गटातल्या एकानं कुठून तरी ऐकलंच, त्याचा मेसेज आलाय, भेटून बोलू म्हणतो. भेटणार आहे. हिशेबाचं पण विचारणार आहे.

आज वडिलांचा स्वतःहून फोन आला, जेजुरीतून. बीपीच्या गोळ्यांची पट्टी माझ्या खोलीवर राहिली. तिथल्या वैद्यकीय पथकानं दोन दिवसांच्या दिल्या आहेत. रविवारी पालखी लोणंदला असेल तेव्हा नेऊन देतो म्हणालो. पण बाई, रविवारी सकाळी उपासना आहे आणि ह्या वेळी प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षरसाचा विधी, आहे. बुडवलं तर चालेल का?

---

नगरच्या बाई लिहितात:

पळ. दोन पट्ट्या घेऊन जा, आणि पायमोजे.